अंदाजे खर्च

बस, ज्योवालिन. त्या खुर्चीवरचं ग्रीस वाळलंय.
चष्मा तू गाडीतच विसरलास,
मीच वाचून दाखवतो.
जुन्या लेकमध्ये सांगू की नव्या?
जुन्यात एक शून्य जास्त,
धसका तेवढाच.

पहिलं, इंजिनावरच्या वायरी.
त्र्याण्णव साली त्या जर्मन लोकांनी
वेष्टण असं केलं की मातीत गेल्यावर विरून जावं.
विरलं.
मातीची वाट तेवढी पाहिली नाही.
बोट लावलं की शिळ्या बिस्किटासारखं झडतं,
मग तांबं तांब्याला भेटतं
आणि बुना नदीच्या पुलावर तू मधोमध उभा,
मागे अख्खं श्कोदर भोंगे वाजवतंय.
नव्वद हजार. नवे.

मागच्या दोन काचा. दुहेरी आहेत,
बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून.
आवाज अजून येत नाही, ओल आली.
द्रांदेने आतून पुसलं, तू बाहेरून पुसलंस,
दोघांनी एकमेकांना बोल लावला असणार.
धुकं मधे आहे.
तिथं कुणाचंच फडकं पोचत नाही.
जुन्या बाजारातल्या घेतल्या तर चोवीस.

थंड हवा.
यात वस्तू स्वस्त, वस्तूपर्यंत जाणं महाग.
सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, चार दिवस,
वाटेत प्लास्टिकचे कान तुटणार, ते वेगळे.
पंच्याऐंशी.
असा बघू नकोस. तू दातांचा डॉक्टर,
तूही दाढेचे पैसे कधी घेतलेस?
घेतलेस ते जबडा उघडून धरण्याचे.

मागचं अंग रात्री तेल गाळतं नि सकाळी खाली बसलेलं असतं,
गाभण म्हशीसारखं.
सत्तर.
पुढचे खालचे सांधे, सोळा.
(सांध्यांचं मी माझ्या गुडघ्यांवरून ओळखलं,
त्याचे पैसे लावले नाहीत.)

एकूण दोन लाख पंच्याऐंशी हजार.
श्पेंद भंगारवाला काल येऊन भोवती फिरून गेला.
किलोने घेईन म्हणाला. दोन टन आहे ती.
चाळीस हजार देईल, बॅटरी धरून.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ना,
इथं कोंबडी केव्हाच खाऊन झाली,
आपण दोघं अजून वाटण वाटतोय.

हो, मला आठवतं.
बारीहून बोटीनं आणलीस, दुर्रेसच्या धक्क्यावर उतरवलीस,
आणि गल्लीत वळवताना दोन्ही आरसे मिटावे लागले.
पोरं बॉनेटमध्ये दात बघत होती.
त्यानंतर आपल्या गल्लीतली एक नवरी
दुसऱ्या गाडीतून गेली असेल तर सांग.
माझी व्योल्त्सासुद्धा. मागची उजवी सीट.
मी दार लोटलं. लोटलं म्हणजे काय, हात लावला.
शेवटचं बोटभर अंतर ते दार
स्वतःच श्वास घेऊन ओढायचं, आठवतं?
ओढलं, झग्याची कड घेऊन ओढलं.
चर्चपर्यंत वीतभर पांढरं कापड बाहेर फडफडत होतं
आणि आत ती हसत होती,
दुहेरी काचेमुळे
मला नुसती तोंड उघडलेली दिसली.

आता ती उल्मला असते.
इलेक्ट्रिक घेतलीय त्यांनी. आवाजच नाही म्हणते.

तर सोमवारपर्यंत ठरव.
वायरी आधी करू, काचा राहू देत, पावसाळ्यात तसंही
काही दिसत नाही तलावाच्या बाजूला.
किंवा श्पेंदला हो म्हण, मी रागावणार नाही,
फक्त त्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवीन.

काय? दारांचा पंप?
तो डिकीत होता, उजवीकडे, स्पंजात गुंडाळलेला.
स्पंजाचा चिखल झालेला.
कागदावर नाही तो.
काल रात्री झोप येत नव्हती.

जा, चष्मा घेऊन ये.
आणि दार आपटू नकोस सवयीनं.
नुसतं टेकव.